मुठेलाचा लिप बाम: कोकणच्या उकाड्यात टिकेल असा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन चमचे खोबरेल आणि एक चमचा किसलेलं मधमाशांचं मेण घेऊन घरी लिप बाम केला. एप्रिलमध्ये पर्समध्येच त्याचं तेल झालं. फ्रिजमध्ये घट्ट केला तर हाताला रव्यासारखा लागायला लागला. दुसऱ्या खेपेला त्यात मध आणि बिटाचा रस घातला, तर पावसाळ्यात वास येऊन वर बुरशीचे ठिपके दिसले. घरात रातांब्याच्या (कोकमाच्या) बियांचं मुठेल, म्हणजे कोकम तेल, आहे. ते चालेल का, आणि प्रमाण किती?

मुठेल चालेल, नुसतं चालेल असं नाही, किनारपट्टीवर बाम करायचा तर मुख्य आधार त्याचाच घ्यावा. तुमच्या तिन्ही अडचणींची कारणं वेगवेगळी आहेत, आणि उपायही वेगवेगळे.

आधी वितळण्याचं पाहू. खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसला वितळतं. आपल्याकडे मार्च ते जून दुपारी ३२-३५ अंश सहज असतात, बंद गाडीत किंवा स्कूटरच्या डिकीत त्याहून बरंच जास्त. म्हणजे खोबरेल त्या काळात पूर्ण पातळच असतं आणि डबीला उभं ठेवायचं सगळं काम एकट्या मेणावर येतं. मेण ६२ ते ६५ अंशांना वितळतं, त्यामुळे ते काम त्याला झेपतं, पण पुरेसं असेल तर. किसलेलं मेण चमच्यात पोकळ बसतं. तुमच्या ‘एका चमच्यात’ वजनाने मेण दहा-पंधरा टक्क्यांपुढे गेलं नसणार. उत्तरेच्या थंडीत किंवा एसी खोलीत तेवढं पुरतं, गुहागर-मालवणात नाही.

यावर बहुतेक जण मेण वाढवतात. तीस-पस्तीस टक्के मेण घातलं की डबी वितळत नाही हे खरं, पण तो बाम ओठांवर ओढला जातो, चिकट पांढरा थर बसतो आणि बोटाला लागतच नाही. बाम चांगला होण्यासाठी मेण आणि तेल यांच्या मधलं काहीतरी लागतं, जे डबीत घट्ट राहील आणि ओठांवर सैल होईल. कोकम तेल ३८ ते ४२ अंशांच्या दरम्यान वितळतं. स्टिअरिक आणि ओलिइक या दोन आम्लांनीच त्याचा बहुतेक भाग भरलेला असतो, म्हणून ते मुळात कडक असतं आणि लवकर खवटही होत नाही. परदेशी कृतींमध्ये शिया बटर असतं ते याच जागी. आपल्या परड्यात रातांब्याचं झाड असताना ते मागवायची काहीच गरज नाही. आणि ओठ फुटले, टाचा भेगाळल्या की मुठेल चोळायची रीत कोकणात आहेच. आपण फक्त त्याला डबीत नीट बसवतोय. एकटं मुठेल ओठांवर पटकन पसरत नाही, घासावं लागतं. दुसरं तेल मिसळलं की ते मऊ होतं.

मुठेल तपासून घ्या

मुठेल, भिरंडेल, कोकम तेल, कोकम बटर ही सगळी एकाच वस्तूची नावं. बाजारात दोन प्रकार मिळतात: शुद्ध करून पांढरं केलेलं आणि घरगुती, हाताने वळलेले पिवळट-करडे गोळे. बामाला दोन्ही चालतात, पण घरगुती गोळ्यात पाणी आणि बियांचा चुरा राहिलेला असतो, तो काढल्याशिवाय वापरू नका. पारंपरिक पद्धतीत बियांचा गर वाटून पाण्यात उकळतात आणि वर आलेलं तेल काढून घेतात, त्यामुळे आत ओल राहणं स्वाभाविक आहे. सुक्या बीमध्ये तेल साधारण पाव हिस्सा असतं, घरच्या पद्धतीने त्याहून कमीच हाती लागतं. त्यामुळे घरात जे आहे ते जपून वापरा.

साफ करायचं ते असं. गोळे पातेल्यात वितळवा, तेवढंच पाणी घालून पाच मिनिटं मंद उकळा, मलमलीतून गाळा आणि रात्रभर निवू द्या. सकाळी वर घट्ट चकती येते. तिच्या खालच्या बाजूला करडा गाळ चिकटलेला असतो, तो सुरीने खरवडून टाका. मग चकती पुन्हा मंद आचेवर ठेवा. आधी तळाशी बारीक बुडबुडे आणि तडतड सुरू होईल, ती पाण्याची. तडतड पूर्ण थांबली आणि तेल काचेसारखं नितळ दिसलं की उतरवा. ही पायरी लोक वगळतात आणि मग ऑगस्टमध्ये बामाला वास का येतो ते कळत नाही.

विकत घेताना नखाने दाबून पाहा. चांगलं मुठेल घरातल्या तापमानाला ठिसूळ असतं, कट्‌कन मोडतं, नख सहज रुतत नाही. लोण्यासारखं दबलं तर त्यात वनस्पती तूप किंवा दुसरं मऊ तेल असण्याची शक्यता आहे. कडवट, जुनाट वास असेल तर घेऊच नका. बिया पावसाआधी नीट वाळल्या नाहीत की तेलाला तो वास लागतो आणि कितीही गाळलं तरी जात नाही.

बाकीची सामग्री

मेण मधपाळाकडून घ्या, पेटीतल्या सातेरी मधमाश्यांचं मिळालं तर उत्तम. मेणबत्तीचं मेण वेगळं, ते पेट्रोलियमचं पॅराफिन. खरं मेण चिमटीत थोडा वेळ धरलं की मळता येतं आणि मधाचा वास देतं. पॅराफिनचा चुरा पडतो किंवा ते बुळबुळीत लागतं, आणि त्याला वास जवळजवळ नसतो. पोळ्याचं कच्चं मेण असेल तर मुठेलासारखंच पाण्यात उकळून, गाळून, चकती करून घ्या.

खोबरेल घाणीचं घ्या. ओल्या नारळाच्या दुधाचं कढवून काढलेलं आवेल वासाला फार छान, पण त्यातही ओल आणि चोथ्याचे कण राहतात, म्हणून तेही तडतड थांबेपर्यंत तापवून गाळून घ्यावं लागतं. तिसरं तेल म्हणून तिळाचं, न भाजलेल्या तिळाचं, घाणीचं. तिळाच्या तेलात स्वतःचीच जपणूक करणारी द्रव्यं असतात, ते लवकर खवट होत नाही. बदाम तेल चालतं, पण महाग आणि जास्त नाजूक. थोडं एरंडेल चकाकी देतं आणि बाम ओठांना धरून ठेवतं. ते औषधाच्या दुकानातलं, पोटात घ्यायच्या प्रतीचं हवं. दिव्याचं चालणार नाही.

उंडीचं तेल आणि करंज तेल यांबद्दल वारंवार विचारणा होते, कारण दोन्ही झाडं आपल्या किनाऱ्यावर आहेत. ओठांवर लावलेलं पोटात जातंच. ही दोन्ही तेलं खाण्याची नाहीत, ओठांच्या बामात घालू नका.

प्रमाण

सगळं वजनात मोजा, चमच्यात नाही. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा फारसा महाग नसतो. ५० ग्रॅमच्या घाण्यासाठी, डबीत भरायचा, मार्च ते जून टिकणारा बाम:

कोकम तेल १५ ग्रॅम
मधमाशांचं मेण ११ ग्रॅम
खोबरेल १२ ग्रॅम
तिळाचं तेल ९ ग्रॅम
एरंडेल ३ ग्रॅम

यात ५ ग्रॅमच्या नऊ डब्या नीट भरतात, थोडं भांड्याला लागतं. फिरवायच्या नळीत भरायचा असेल तर कांडी उभी राहायला हवी: मेण १३ आणि खोबरेल १० करा, बाकी तेच. डिसेंबर-जानेवारीत, विशेषतः कुडाळ-सावंतवाडीसारख्या आतल्या भागात जिथे सकाळी खोबरेल गोठतं, हाच बाम कडक वाटेल. तेव्हा कोकम तेल १३, मेण ८, खोबरेल १४, तिळाचं १२, एरंडेल ३ घ्या. मेण एका ग्रॅमने वाढलं की ५० ग्रॅमच्या घाण्यात फरक बोटाला लगेच कळतो, म्हणून अंदाजाने भर घालू नका. एरंडेल आठ-दहा टक्क्यांच्या वर नेलं तर उकाड्यात बामाच्या अंगावर तेलाचे थेंब येऊ शकतात.

मेण वापरायचं नसेल तर कँडेलिला हे वनस्पतीजन्य मेण निम्म्या वजनाने सुरुवात करून पाहा. ते मधमाशांच्या मेणापेक्षा बरंच कडक असतं.

करायची पद्धत

भांडी, चमचे, डब्या धुऊन पूर्ण वाळवा. पावसाळ्यात ‘वाळलं असेल’ यावर विसंबू नका, कोरड्या कपड्याने पुसून वर स्पिरिटचा बोळा फिरवा आणि ते उडून जाऊ द्या.

मेण थेट आचेवर कधीही वितळवू नका. जास्त तापलं की त्याचा रंग काळवंडतो, आणि तेलासारखंच ते पेटही घेऊ शकतं. पसरट पातेल्यात दोन-तीन इंच पाणी घ्या, त्यात चोच असलेला स्टीलचा पेला ठेवा, आच मंद. पाणी खळखळ उकळू देऊ नका. वाफ पेल्यावर येऊन एक थेंब जरी आत पडला तरी तो तळाशी बसतो आणि नंतर बुरशीला घर होतं.

पेल्यात आधी मेण किसून घाला. ते वितळलं की कोकम तेल, मग बाकीची तेलं. गार तेल एकदम ओतलं की मेणाचे पापुद्रे गोठून तरंगतात. घाबरू नका, ते पुन्हा विरघळतात, फक्त त्यांना वेळ द्या. सगळं पारदर्शक झाल्यावर लगेच उतरवू नका. थर्मामीटरवर ७५ अंशांच्या आसपास पंधरा मिनिटं तसंच राहू द्या, मधूनमधून ढवळा.

तुमच्या रव्याचं उत्तर या पंधरा मिनिटांत आहे. मेण, मुठेल अशा कडक पदार्थांचे काही अंश इतरांपेक्षा आधी गोठतात. वितळताना त्यांचे बारीक स्फटिक शिल्लक राहिले, डोळ्यांना दिसत नसले तरी, तर निवताना त्यांच्याभोवती मोठे कण धरतात. बाम हळूहळू निवला तरी तेच होतं, कारण कणांना वाढायला सवड मिळते. पर्समध्ये अर्धवट वितळून पुन्हा गोठलेल्या बामात तर दोन्ही गोष्टी एकदम होतात. रवाळ झालेला बाम बिघडलेला नसतो. पुन्हा ७५ अंशांवर पंधरा मिनिटं ठेवून झटपट निववला की गुळगुळीत होतो.

ओतण्याआधी चाचणी घ्या. गार स्टीलच्या चमच्यावर दोन थेंब टाका आणि पाच मिनिटं पंख्याखाली ठेवा. मग बोटाने घासून पाहा. बोटावर तेलच उतरलं आणि चमच्यावर ठसा राहिला नाही तर मेण कमी. नखाने खरवडावं लागलं तर जास्त. दुरुस्ती आत्ताच करायची, एकेक ग्रॅमने.

६५ ते ७० अंशांवर ओता. डब्या एका परातीत ठेवा आणि परातीखाली गार पाण्याचं ताट सरकवा, वर पंखा. ओतल्यावर बाम मधाच्या रंगाचा, आरपार दिसणारा असतो. मिनिटभरात कडेने दुधट कडं धरतं आणि ते हळूहळू मध्याकडे सरकतं. मधला शेवटचा ठिपका पांढरा झाला की डबीचा वरचा थर बसला असं समजा, आतला अजून मऊच असतो. अर्धा तास हलवू नका. नळीत भरताना एक अडचण हमखास येते: मेण निवताना आकसतं आणि मधोमध खड्डा पडतो. नळी काठापासून दोन मिलिमीटर कमी भरा, वरचा थर दुधट झाल्यावर उरलेलं मिश्रण पुन्हा गरम करून खड्डा भरून काढा.

फ्रीजर टाळा. त्यात वरचा थर आधी आवळला जातो आणि तडे जातात. त्याहून वाईट म्हणजे थंड डबी आपल्या दमट हवेत बाहेर काढली की आत दव धरतं. किनाऱ्यावर हे सगळ्यात जास्त नुकसान करतं. फ्रिजमध्ये ठेवायचीच असेल तर झाकण घट्ट लावून, आणि बाहेर काढल्यावर घरातल्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका.

उन्हाळ्यासाठी घाणा पास झाला का हे पाहायचं तर एक डबी झाकण लावून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, ४० अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा तास सोडा. बाम मऊ होईल, कडेला किंचित चकाकेल. डबी तिरकी केल्यावर वाहिला नाही म्हणजे झालं.

पाणी, मध, बीट, आगळ

तुमचा तिसरा प्रश्न इथे येतो. हा बाम पूर्ण तेलाचा आहे. त्यात पाणी नसतं म्हणून बुरशीला जगायला काही मिळत नाही आणि म्हणूनच त्याला टिकाऊकारक लागत नाही. बिटाचा रस, कोरफडीचा गर, गुलाबपाणी, लिंबू यांतलं काहीही घातलं की ती सुरक्षितता गेली. ते तेलात मिसळत नाहीत, थेंबाथेंबाने अडकून राहतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये ठिपके दिसतात. मधाचंही तेच, तो तळाशी जमा होतो, आणि डबीला मुंग्या लागतात त्या वेगळ्या. मध लावायचा तर ओठांवर वेगळा लावून धुऊन टाका. ठिपके आलेला बाम वरचा थर खरवडून वापरू नका, टाकून द्या.

कोकमाचा तो सुंदर लाल रंग बामात यावा असं वाटणं साहजिक आहे. पण आगळाचा, म्हणजे कोकमाच्या रसाचा, रंग पाण्यात उतरतो, तेलात नाही. रंग हवाच असेल तर शेंदरीच्या बिया वापरा. कोकणात कुंपणाला, परसात शेंदरीची झाडं असतात. १० ग्रॅम बिया ५० ग्रॅम तिळाच्या तेलात, गरम पाण्यावर ठेवलेल्या पेल्यात अर्धा तास ठेवा, गाळा. केशरी-तांबडं तेल मिळतं. जास्त तापवलं तर ते तपकिरी होतं. कृतीतल्या ९ ग्रॅम तिळाच्या तेलापैकी ३ ग्रॅम हे घ्या, मेणात आल्यावर रंग फिका होतो आणि ओठांवर हलकी झाक तेवढी येते. रतनजोतीच्या मुळांनी लाल रंग येतो हे खरं, पण त्या कुळातल्या झाडांत यकृताला त्रासदायक द्रव्यं असू शकतात, ओठांवर रोज लावायच्या वस्तूत ती नकोत. शिवाय मोगली एरंडालाही काही ठिकाणी रतनजोत म्हणतात आणि त्याच्या बिया विषारी असतात.

लवंग, दालचिनी, कापूर, पुदिना यांची तेलं घालायचा मोह आवरा. दालचिनी आणि लवंग तेल ओठांना भाजल्यासारखं करतं. पुदिन्याचा गारवा आधीच फुटलेल्या ओठांना झोंबतो आणि माणूस ओठ चाटत बसतो. लिंबाच्या सालीचं दाबून काढलेलं तेल लावून उन्हात गेलं तर त्वचेवर डाग पडू शकतात. सुगंध हवाच तर ५० ग्रॅमला दोन थेंबांपेक्षा जास्त नको, आणि लहान मुलांसाठी अजिबात नको. मेण आणि खोबरेल यांचा स्वतःचा वास पुरेसा गोड असतो.

व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल फोडून घालतात ती बाम टिकावा म्हणून. औषध दुकानातल्या बहुतेक कॅप्सूलमध्ये टोकोफेरिल असिटेट, म्हणजे व्हिटॅमिन ई चं बदललेलं रूप, असतं. ते डबीतल्या तेलाला खवट होण्यापासून वाचवत नाही. त्यासाठी साधं टोकोफेरॉल लागतं, ५० ग्रॅमला पाव ग्रॅम. न घातलं तरी चालतं. कोरड्या हातांनी केलेला आणि सावलीत ठेवलेला बाम सहा महिने चांगला राहतो. जुन्या खोबऱ्यासारखा वास आला की तो संपला. डबीवर केल्याची तारीख लिहा.

लावायचा कसा, आणि कशाला पुरत नाही

ओठांच्या लाल भागाला तेलग्रंथी नसतात आणि तिथली कातडी पातळ असते. बाम ओल देत नाही, असलेली ओल अडवून ठेवतो. म्हणून पाणी पिऊन ओठ टिपल्यावर, किंचित ओलसर असतानाच लावा. समुद्रावरून आल्यावर आधी ओठांवरचं मीठ गोड्या पाण्याने धुवा. मिठावरच बाम लावला तर चुरचुर वाढते.

होडीवर, आंब्याच्या बागेत किंवा मीठागरात दिवसभर उन्हात असणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: खोबरेल, मुठेल यांनी उन्हापासून भरवशाचा बचाव होत नाही. घरी झिंक ऑक्साइड घालून एसपीएफ (उन्हापासून बचावाचा आकडा) किती आला हे मोजता येत नाही. अशांनी दिवसा एसपीएफ लिहिलेला तयार बाम वापरावा, घरचा रात्री. खालच्या ओठावर खवल्यासारखा खरखरीत चट्टा महिनाभर बरा होत नसेल, किंवा तोंडाच्या कोपऱ्यात चिरा पडून परत परत येत असतील, तर कोणताही बाम त्याचा इलाज नाही, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. मधमाशांच्या मेणाची आणि एरंडेलाची अॅलर्जी काहींना असते.

बचत गटातून विकायचा विचार असेल तर घरच्या वापरासारखं मोकळं नाही. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. जत्रेत दोन-चार डब्या मांडण्याआधी ती चौकशी करून घ्या.

शेवटी पेला. तो साबणाने घासून सिंकमध्ये धुऊ नका, मेण नळीत गोठतं आणि ती तुंबते. गरम असतानाच जुन्या सुती फडक्याने पुसून घ्या. ते फडकं रात्री टाचांच्या भेगांवर चोळा, एक ग्रॅमही वाया जात नाही.